पूजेला बसलेलं पिस्तूल

"हात लावायचा न्हाई," तानूबाई म्हणाल्या, आणि मी पुढे केलेला हात मुकाट्याने मागे घेतला.

त्र्याण्णव सालची खंडेनवमी होती. मेटकरवाडीतल्या त्यांच्या घरात मधल्या खोलीत पाट मांडलेला होता. पाटावर लाल खण, खणावर एक विळा, एक कोयता, गवंड्याची थापी, आणि मधोमध बत्तीस बोअरचं वेब्ली पिस्तूल. त्याच्यावर हळदीकुंकवाचा असा थर बसला होता की लोखंड औषधालाही दिसत नव्हतं. नळीच्या तोंडात कुणीतरी झेंडूचं फूल खोचलं होतं. नळीत ओल गेली की गंज चढतो, हे त्या बाईला कोण सांगणार?

"मावशी, नुसता नंबर बघतो. डाव्या अंगाला असतो. फडक्याने एवढंसं पुसलं की झालं."

"पूजेला बसलेलं हत्यार उचलत न्हाईत, डाक्टर. दसरा झाला, शिलंगणाचं सोनं वाहिलं, की मग काय बघायचं ते बघा."

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं औषधांचं दुकान होतं, आणि खेड्यातल्या माणसांच्या हिशेबी गोळ्या देणारा तो डॉक्टर. त्यांची ही चूक दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

माझा छंद मात्र औषधांचा नव्हता. मी लढाईत वापरलेली पिस्तुलं जमवत असे. नुसती पिस्तुलं नव्हेत, तर कागदपत्रांसकट. कुणाच्या कमरेला होतं, कुठल्या आघाडीवर गेलं, त्याच्याकडून कुणाकडे आलं, हे सगळं लेखी असेल तरच मी त्याच्याकडे बघायचो. कागद नसेल तर माझ्या लेखी ते अर्धा किलो लोखंड. अडचण एवढीच होती की तेव्हा कायद्याने माणसाला तीनच हत्यारं ठेवता यायची. तीन म्हणजे तीन. तिकिटं जमवणाऱ्याला कुणी तीनच तिकिटं ठेव म्हणत नाही. त्यामुळे नवं एक घ्यायचं तर जुन्यातलं एक द्यावं लागे, आणि दर वेळी माझा जीव वरखाली होई. पिस्तुलं गेली तरी त्यांच्या फाइली मी ठेवून घ्यायचो. तीन पिस्तुलं आणि एकोणीस फाइली असा माझा संसार होता. माझी बायको कुमुद म्हणायची, लोक मुलामुलींच्या पत्रिका जुळवतात, आमचे हे पिस्तुलांच्या जुळवतात.

तर तानूबाईंचे यजमान सुभेदार दौलतराव मेटकर वर्षापूर्वी वारले होते. परवाना वारस म्हणून तानूबाईंच्या नावावर झाला होता, पण त्याची मुदत डिसेंबरात संपत होती आणि कचेरीतल्या साहेबाने आता आजी तुम्हाला कशाला, असं तोंडावर सांगितलं होतं. मुलगा नाशकाला कारखान्यात. ठाण्यात जमा करून टाक म्हणून त्याने पत्र पाठवून हात झटकले होते. जमा केलेलं हत्यार मालखान्यात पडून गंजतं, त्याची पूजा कोण करणार, हा तानूबाईंना घोर होता. सांभाळणारा माणूस त्यांना हवा होता, आणि मला ते पिस्तूल.

त्या दिवशी पिस्तुलाला हात लागला नाही, पण कागद बघायला मिळाले. तानूबाईंनी पत्र्याची ट्रंक ओढून काढली आणि एका रुमालात बांधलेलं सगळं माझ्यापुढे ठेवलं. मी एकेक कागद उलगडत गेलो आणि बाकीचं जग विसरलो. चव्वेचाळीस साली इटलीत एका नदीकाठी लॉईड नावाच्या कॅप्टनला मांडीत गोळी लागली होती. तेव्हा हवालदार असलेल्या मेटकरांनी त्याला पाठीवर घेऊन दीड मैल मागे आणलं. इस्पितळातून त्या कॅप्टनने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र होतं. माझं खाजगी पिस्तूल, नंबर ९४६१२, मी हवालदार मेटकर यांना खुशीने देत आहे. खाली सही, तारीख, आणि पलटणीच्या बड्या साहेबाची मंजुरी. शिवाय एक फोटो, कुबडीवर उभा कॅप्टन आणि शेजारी ताठ उभे मेटकर, कमरेला तेच पिस्तूल. शिवाय सेहेचाळीस सालचा पहिला परवाना, नंबर तोच.

एवढी पुरी फाइल मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या एकोणीस फाइलींपैकी प्रत्येकीत काहीतरी उणं होतं. कुठे पत्र होतं तर सही नव्हती, कुठे सही होती तर नंबर नव्हता. इथे नख लावायला जागा नव्हती.

"मी सांभाळीन," मी म्हणालो.

तानूबाईंनी दोन अटी घातल्या. पहिली, दर खंडेनवमीला पूजा झाली पाहिजे. ती मी तिथल्या तिथे कबूल केली, झेंडूचं फूल वगळून. दुसरी अट जरा विचित्र होती. पुढच्या वर्षापासून दर दसऱ्याला दुपारून पांढरेवाडीला जायचं आणि अनसाबाई कणसे नावाच्या बाईला सोनं देऊन यायचं.

"या कोण?"

"आमच्या मालकांच्या दोस्ताची बायकू. रंगराव जमादार कणसे. एकाच पलटणीतले दोघं. जमादार जाऊन बावीस वर्सं झाली. मालक दर दसऱ्याला जायाचे. पाऊस असू दे, ताप असू दे, सायकलवर जायाचे. तिच्या देव्हाऱ्याम्होरं हात जोडायचे, सोनं द्यायाचे आन यायाचे. मागल्या दसऱ्याला कुनी गेलं न्हाई."

साताऱ्याहून पांढरेवाडी तीस-पस्तीस किलोमीटर. सणाच्या दिवशी जेवून झोपायचं सोडून एका अनोळखी बाईला आपट्याची पानं द्यायला जायचं! पण त्या पत्रासाठी मी सोनं द्यायला काशीपर्यंत गेलो असतो. हो म्हटलं. त्यांनी हात पुढे केला, मी हातावर हात ठेवून वचन दिलं.

मग माझी धावपळ सुरू झाली. परवान्यावर तिसरी जागा मोकळी करायला हवी होती. माझ्याकडचं तिसरं हत्यार म्हणजे वडिलांचं रिव्हॉल्वर. ते लढाईत कधी गेलं नव्हतं. वडील वनखात्यात होते, आणि त्यांनी ते बहुधा एकदा रानडुकरावर झाडलं होतं, तेही चुकलं होतं. कागद म्हणाल तर नुसती खरेदीची पावती. तरी पुण्याच्या दुकानदाराच्या हातात ते देताना मला कसंसंच झालं. कुमुद त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. वडिलांचं दिलंत आणि परक्या सुभेदाराचं आणताय, एवढंच रात्री म्हणाली. मी तिला लॉईडचं पत्र किती दुर्मीळ आहे ते सांगायला लागलो तर ती कूस बदलून झोपली.

दिवाळीच्या तोंडावर मी मेटकरवाडीला पुन्हा गेलो. या वेळी तानूबाईंनी स्वतः पिस्तूल आणून माझ्या हातात दिलं. मी पिशवीतून मऊ फडकं, तेलाची बाटली आणि भिंग काढलं. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि ओल्या फडक्याने हळद पुसायला लागलो. थर निघाला. डाव्या बाजूच्या मुठीला केसाएवढी चीर होती. ती मी डायरीत टिपून घेतली. मग नंबर दिसला.

१०३३७७.

मी पुन्हा पुसलं. भिंगातून बघितलं. दारात उजेडाला नेऊन बघितलं. एक शून्य तीन तीन सात सात. यात चौऱ्याण्णव हजार कुठून आणायचे? चीड कुणावर काढावी ते कळेना. लॉईडवर, मेटकरांवर, की त्या हळदीवर!

"काय झालं, डाक्टर?"

"नंबर जुळत नाही, मावशी."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. माझ्या जिवाची कालवाकालव चाललेली आणि या बाईला चहा सुचतो, याचाही मला राग आला. चहा न घेताच मी निघालो.

त्यानंतरचे आठ दिवस मी दुकानात चुकीच्या गोळ्या दिल्या नाहीत, हे गिऱ्हाइकांचं नशीब. अशी पुरी फाइल हातात असावी आणि तिचं पिस्तूल मात्र भलतंच! दुसऱ्या कुणी असतं तर म्हणालं असतं, राहू दे, कोण बघतंय. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतंच. दर नूतनीकरणाला आणि दर निवडणुकीला हे पिस्तूल ठाण्यात जाऊन आलं होतं, आणि दर वेळी तिथल्या माणसाने परवान्यावरचाच नंबर पावतीवर उतरवून दिला होता. हळद पुसून बघायची तसदी कुणीच घेतली नव्हती. पण मी तो माणूस नव्हतो. मला गप्प बसवेना.

मेटकरवाडी ज्याच्या हद्दीत येते त्या पोलीस ठाण्यात एक जुने हवालदार होते. त्यांच्या आईची रक्तदाबाची औषधं माझ्याकडून जात. त्यांना भीड घालून मी जुनी रजिस्टरं बघितली. एकाहत्तर सालापर्यंत मागे गेलो आणि सापडलं. लोकसभेच्या निवडणुकीआधी एकाच दिवशी दोन वेब्ली पिस्तुलं जमा झाली होती. दौ. मेटकर, ९४६१२. रं. कणसे, १०३३७७. कणशांनाही ते कुणा साहेबाकडूनच मिळालेलं असणार, आणि दोघांच्या साहेबांनी ती एकाच दुकानातून घेतलेली असणार. पुढच्या रकान्यात निवडणुकीनंतर दोन्ही परत दिल्याची नोंद होती, आणि दोन्हींपुढे सही एकच होती. दौ. मेटकर, स्वतः व कणसे मयत यांच्यातर्फे.

म्हणजे दोन सारखी पिस्तुलं एकाच माणसाच्या हाती दिली गेली आणि घरं बदलली. मेटकरांचं पांढरेवाडीला गेलं, कणशांचं मेटकरवाडीला आलं. लॉईडचं पिस्तूल जगात होतं, शाबूत होतं, आणि मेटकरवाडीपासून सहा किलोमीटरवर होतं! मला त्या हवालदाराला मिठी मारावीशी वाटली.

तिथेच बाकावर बसून मी अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. सन १९७१ मध्ये अनवधानाने अदलाबदल झाल्याचे दिसते, नंबर १०३३७७ हे मेटकर यांचे घरी असून नंबर ९४६१२ हे पांढरेवाडी येथील श्रीमती कणसे यांचे घरी असावे, तरी पडताळणी होऊन दुरुस्ती व्हावी, म्हणजे हस्तांतर रीतसर करता येईल. दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. पोच घडी करून खिशात ठेवली. सरकारी काम, महिनाभर तरी कागद हलायचा नाही, तोवर दोन्ही बायांना समजावून सांगू, असा माझा हिशेब होता.

तिथून थेट मेटकरवाडीला गेलो. तानूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि चोराला पकडून आणल्याच्या थाटात सगळं सांगितलं.

"मावशी, तुम्ही बावीस वर्षं दुसऱ्याच्या पिस्तुलाची पूजा करताय. हे कणसे जमादारांचं आहे. सुभेदारांचं पांढरेवाडीला आहे."

त्यांचा हात थांबला नाही. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना माझं बोलणं समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो.

"म्हाईत हाय म्हनलं न्हवं. मालकांनी त्याच दिशी वळखलं. ठान्यातनं दोन्ही आनली, एक पांढरेवाडीला दिलं आन एक घरी आनलं. घरी आल्यावर फडकं सोडलं आन हातात धरलं, तर म्हनले, चाप हलका लागतोय, हे माझं न्हवं. दुसऱ्या दिशी सकाळी बदलायला म्हनून सायकल काढली."

"मग बदललं का नाही?"

आता त्यांनी सूप बाजूला सारलं.

"निवडनुकीपायी हत्यारं ठान्यात व्हती तवाच जमादार गेले. छातीत कळ आली आन गेले. मालक सकाळी तितं पोचले तर अनसानं ते पिस्तूल जमादारांच्या फोटोम्होरं ठिवल्यालं. हळदकुकू लावल्यालं. म्हनली, भावजी, काल ह्ये हातात घेतलं आन वाटलं, त्येंचा हात हातात घेतला. दहा दिसांत पैल्यांदा झोप लागली. आता सांगा, मालक कुठल्या तोंडानं म्हनतील, बाई, ह्यो तुझ्या नवऱ्याचा हात न्हवं, माझं पिस्तूल हाय म्हून?"

त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं.

"तसंच परत आले. म्हनले, तानू, ऱ्हाऊ दे. रंगा माझं सांभाळतोय, मी त्याचं सांभाळतो. मग दर दसऱ्याला जायाचे. त्येंचं तितं व्हतं न्हवं? त्याला हात जोडून यायाचे."

"मावशी," मी म्हणालो, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी कागद इचारले, म्या कागद दिले."

मग एकदम आठवलं. जमादार मेले तेव्हाच त्यांचा परवाना संपला होता. अनसाबाईंकडे कसलाही कागद नव्हता. बावीस वर्षं ते पिस्तूल त्यांच्या देव्हाऱ्यात होतं ते केवळ ते तिथे आहे हे कुणी लिहून दिलं नव्हतं म्हणून. ते मी लिहून दिलं होतं. चांगल्या अक्षरात, गावाच्या नावासकट.

खिशातली पोच काढून मी तानूबाईंना दाखवली आणि काय केलं ते सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं.

"मग जाऊन मागं घ्या कागद," त्या म्हणाल्या. "आत्ता जावा."

मी स्कूटर कशी हाकली ते मला आठवत नाही. ठाण्यात जुने हवालदार दारातच भेटले. नवे फौजदार आठच दिवसांपूर्वी आले होते, तरुण, कामाला वाघ. त्यांनी अर्ज वाचला होता आणि बेकायदा हत्यार म्हणून तासाभरात जीप काढली होती. माझ्या आयुष्यात सरकारी कागद वेळेवर हललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"अर्ज मागे घेतो मी," मी म्हणालो.

"आवक नंबर पडला की कागद तुमचा राहत नाही, पेठेसाहेब," हवालदार म्हणाले. "तुम्हीच तर मागून घेतलात नंबर."

पांढरेवाडीत पोचलो तेव्हा जीप कणशांच्या दारात उभी होती. पंचनामा झाला होता. शिपाई पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन बाहेर येत होता. मागे एक बारकीशी म्हातारी, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर कसलाही कांगावा नाही. मी फौजदारांना गाठलं, चूक माझी आहे म्हटलं, पिस्तूल तसंच राहू द्या म्हटलं, ओशाळून नको नको ते बोललो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाईंच्या वयाकडे बघून गुन्हा दाखल करत नाही, हेच खूप समजा, असं सांगून ते जीपमध्ये बसले. वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि हाच विचार मला जास्त छळतो.

अनसाबाई जीपजवळ आल्या. शिपायाला म्हणाल्या, "नीट ठेव रं बाबा. सुभेदार भावजींचं हाय ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जीप गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. मी कोण, कशाला आलो, सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला ठाऊक होतं, हे सुभेदारांचं आहे ते?"

"आमच्या मालकांच्याला डावीकडं मुठीला चीर व्हती. पैल्याच खंडेनवमीला घासाया घेतलं आन बघितलं, तर चीर न्हाई. तवाच कळलं."

माझ्या डायरीतली ती चीर. केसाएवढी, डाव्या बाजूला.

"मग सुभेदारांना का नाही सांगितलं?"

"भावजी दर दसऱ्याला यायाचे. वाटलं, त्येंना म्हाईत न्हाई. आपुन सांगावं तर बदलून न्यायाचे, आन मग यायाचं काय कारन उरलं असतं?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला भाऊ न्हाई. तेवढं एकच मानूस सनाला दारात यायाचं. त्येंना कळू नये म्हून म्या येवढा हळदीचा लेप द्यायाची, की मूठ दिसू नये."

परत येताना वाटेत मला दुसरं पिस्तूल जप्त करायला मेटकरवाडीकडे वळणारी जीप दिसली. तिच्या मागे जाण्याची माझी छाती झाली नाही. मी सरळ साताऱ्याला आलो, दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो. कुमुदला सगळं सांगितलं तेव्हा ती नेहमीसारखं काही टोचून बोलली नाही, त्यानेच मी जास्त हबकलो.

पुढच्या वर्षभरात मी अकरा अर्ज केले. ठाण्यात, कचेरीत, जिल्ह्याला. एकीचा परवाना संपलेला, दुसरीला कधी नव्हताच. नंबर आणि कागद जुळत नाहीत म्हणून कुठलंच पिस्तूल कुणालाच देता येत नाही, असं मला प्रत्येक वेळी माझ्याच अर्जाचा हवाला देऊन कळवण्यात आलं. माझ्या अर्जातली वाक्यं जशीच्या तशी मला परत येत होती. दोन्ही पिस्तुलं मालखान्यात एकाच कपाटात होती. एकदा हवालदारांनी दार उघडून लांबून दाखवली. हळद वाळून तिच्या खपल्या पडल्या होत्या आणि खालून गंज वर आला होता. मी तेल लावू का विचारलं. मुद्देमालाला हात लावता येत नाही, म्हणाले.

मग पुढचा दसरा आला. मेटकरवाडीला तोंड दाखवायचं धैर्य मला वर्षभर झालं नव्हतं. पण हातावर हात ठेवून वचन दिलं होतं आणि त्यातलं निम्मं तरी माझ्या हातात होतं. सकाळीच आपट्याची पानं घेऊन निघालो. पांढरेवाडीला जाण्याआधी मेटकरवाडीला वळलो.

तानूबाईंनी या म्हटलं. वर्षात त्या चांगल्याच वाकल्या होत्या. मधल्या खोलीत पाट मांडलेला होता, पाटावर तोच लाल खण. विळा होता, कोयता होता, थापी होती. मधोमध एक कागद ठेवला होता. घडी उलगडून चारी कोपऱ्यांवर सुपाऱ्या ठेवल्या होत्या, वर हळद, कुंकू, अक्षता, आणि एक झेंडूचं फूल.

पिस्तूल नेताना शिपायाने दिलेली जप्तीची पावती होती ती.

"मला वाचाया येत न्हाई, डाक्टर," तानूबाई म्हणाल्या. "तुमचं त्यात ध्यान असतं. जमादारांचाच नंबर घातलाय न्हवं त्यात? वर्सभर बघतीया, पन कुनाला इचारायचं? नंबर बराबर हाय का?"

पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही हे मला आता शिकवावं लागत नव्हतं. मी पाटाजवळ गुडघे टेकून वाकलो. हळदीखालून शाईचं अक्षर दिसत होतं. वेब्ली पिस्तूल एक, मालक मेटकर, नंबर ९४६१२. शिपायाने रिवाजाप्रमाणे पिस्तूल बघितलंच नव्हतं, परवान्यावरून उतरवून घेतलं होतं. या घरातून गेलेल्या पिस्तुलाचा तो नंबर नव्हता. वर्षभर मी ज्याच्यासाठी दारोदार फिरलो तेच एका ओळीत पुन्हा चुकलेलं माझ्या नाकासमोर होतं. आयुष्यभर मी एवढी एकच गोष्ट बघत आलो होतो, आणि ती मला सेकंदभरात दिसली.

"बरोबर आहे, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी पावतीला हात जोडले. मग आतून आपट्याची एक डहाळी आणून माझ्या हातात दिली. "ही आमच्याकडची अनसाला द्या," म्हणाल्या. "आन बिगीबिगी जावा. ती वाट बघत आसंल."

माझ्या परवान्यावरची तिसरी जागा अजून कोरी आहे.